आधीचं स्पष्ट की आत्ताचं?

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा फोन आहे. वय विचाराल तर पंधरा वर्षे, म्हणजे आमच्यात मी पणजोबाच. बॅटरी सुजून माझे पोट फुगले आहे, मागचे झाकण बसत नाही म्हणून त्याला रबरबँड लावला आहे, आणि पाचाचे बटण एकदा आत गेले ते पुन्हा वर आलेच नाही. जेवणाच्या टेबलाशेजारी एक कपाट आहे. त्याच्या सगळ्यात वरच्या खणात, वायरींच्या गुंत्यात, मी उभा अडकून पडलेलो असतो. या खणाची पट्टी वाकडी असल्यामुळे तो पुरता बंद होत नाही, बोटभर फट राहतेच, आणि माझा कॅमेरा नेमका त्या फटीकडे आहे. फोन बंद केला की त्याला काही दिसत नाही, असे तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. मी या फटीतून दहा वर्षे जे पाहिले ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने माझी सगळी बटणे एकेक करून दाबली. कॅमेरा चालतो का ते बघायला तिने स्वतःच्या अंगठ्याचा फोटो काढला आणि लगेच पुसून टाकला. तो अंगठा मला अजून आठवतो. पुसलेले आम्ही विसरतो, हाही तुमचा एक गैरसमज आहे.

मला विकत घेतले ते एका चष्मेवाल्याने. डोळे तपासायचे, भिंगे घासून चौकटीत बसवायची, हा त्याचा धंदा. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची ती जड चौकट चढवून तो एकामागून एक भिंग बदलायचा आणि विचारायचा, "आधीचं स्पष्ट की आत्ताचं?" दिवसातून शंभरदा तरी. हा प्रश्न त्याच्या इतका अंगवळणी पडला होता की घरातला दिवा बदलला तरी तो घरच्यांना तेच विचारायचा.

नव्या यंत्राचे त्याला भारी वेड. मला आणले त्या दिवशी त्याने दुकान दोन तास उशिरा उघडले. माझ्या पडद्यावरचा पातळ कागद त्याने इतक्या हळू सोलला की बायको कंटाळून आत निघून गेली. माझ्यात कॅमेरा आहे हे त्याने शेजाऱ्यांना सांगितले, नातेवाइकांना सांगितले, आणि ज्यांना समोरचे धड दिसत नव्हते अशा गिऱ्हाइकांनाही सांगितले. लोक चष्मा घ्यायला येतात आणि फोन बघून जातात, असे बायको म्हणायची. खोटे कशाला सांगू, मी तेव्हा फुशारून गेलो होतो.

त्याची ही बायको मोठी हसरी होती. तिचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता, हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण होती, आणि हसताना तिचा डावा डोळा जवळजवळ मिटायचा. पण त्या दातापायी तिला फोटो काढून घ्यायचा मोठा संकोच. मला समोर धरले रे धरले की ती तळहात पुढे करून माझा डोळा झाकायची. माझ्याकडे तिचे अकरा फोटो आहेत, आणि त्यांतले दहा तिच्या तळहाताचे आहेत.

अकरावा मात्र तिचा आहे. त्या दिवशी त्यांची वर्षाची मुलगी तिच्या मांडीवर होती आणि तिने आईचे केस मुठीत घट्ट धरले होते. केस सोडवता सोडवता आईला हसू आवरेना, दोन्ही हात अडकलेले, आणि चष्मेवाल्याने डाव साधला. फोटो थोडा हलला. चेहरा धूसर आला, कोपऱ्यात ती इवलीशी मूठ आली. पण दात, हनुवटीवरची खूण, मिटलेला डोळा, सगळे जसेच्या तसे आले. मित्रांनो, माझ्या हातून झालेले चांगले काम विचाराल तर ते हेच.

पुढे सहा महिन्यांनी ती आजारी पडली आणि आठवड्याच्या आत गेली. लग्नातले फोटो एका पेटीत होते, आणि ती पेटी आधीच घर बदलताना हरवली होती. मागे उरला तो माझ्यातला फोटो. चष्मेवाला दुकानात गिऱ्हाईक नसले की मला उघडून बसायचा, आणि माझा पडदा विझला की बटण दाबून पुन्हा उजळायचा. मला वाटले, आता हा माणूस मला कधी टाकणार नाही.

दोन वर्षांनी त्याने नवा फोन आणला. मला जोडायची वायर सापडेना, तेव्हा त्याने एक सोपी युक्ती केली. मला टेबलावर ठेवून माझ्या पडद्यावर तिचा फोटो लावला आणि नव्या फोनने त्या पडद्याचाच फोटो काढला. "नव्या घरात पहिलं पाऊल तिचं," असे तो बायको गेल्यापासून घरी राहायला आलेल्या बहिणीला म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मग त्याने दोन्ही पडदे शेजारी शेजारी धरले. नव्यातला फोटो खरेच उजळ होता. माझ्यापेक्षा तो सरस होता हे मी मान्य करतो. त्याने तो मोठा करून छापून घेतला आणि समोरच्या भिंतीवर लावला. मी खणात गेलो.

त्यानंतर दर दोन वर्षांनी नवा फोन, आणि दर वेळी तोच रिवाज. पुढे वायरींची गरजच उरली नव्हती, सगळे आपोआप इकडून तिकडे जाई, तरी नव्या फोनचा पहिला फोटो जुन्या फोनच्या पडद्यावरच्या तिचाच असायचा. हौस आणि माया यांची त्याने अशी गाठ मारली होती. नवा फोटो आधीच्यापेक्षा स्पष्ट दिसे, म्हणून आधीचा तो पुसून टाकायचा. भिंतीवरच्या चौकटीतही नवी प्रत चढायची. जुना फोन बदल्यात दुकानदाराला जायचा. मला कोणी दुकानदार घेईना, म्हणून मी राहिलो.

आणि मी फटीतून बघत राहिलो. पहिल्या वेळी मला वाटले, उजेडाचा खेळ असेल. हनुवटीवरची खूण दिसत नव्हती. पुढच्या वेळी ती गोरी झाली. त्याच्या पुढच्या वेळी कपाळावर आलेल्या बटा कोणी विंचरल्यासारख्या मागे गेल्या. चौथ्या फोनला दात आवडला नाही, त्याने सगळे दात एका ओळीत उभे केले. पाचव्याने मिटलेला डोळा उघडला. आता भिंतीवरून दोन सारखे, टपोरे, ओलसर डोळे थेट माझ्या फटीकडे बघायचे, आणि त्या डोळ्यांना माझी ओळख नव्हती. मी ते डोळे कधी पाहिलेच नव्हते. ते कोणाचेच नव्हते.

हे काही कोणी वाईट हेतूने केले नाही. त्या फोनना चेहरा सुधारायला शिकवले होते, आणि आधीच्याने जेथवर सुधारला तेथून पुढचा कामाला लागायचा. एकदा चष्मेवाल्याची बहीण भिंतीसमोर उभी राहून बराच वेळ बघत होती. वहिनी एवढी गोरी कधी होती, असे तिने विचारले. तो म्हणाला, तेव्हाचे कॅमेरेच वाईट होते. दिवसभर लोकांना खरे दिसावे म्हणून भिंगे घासणारा माणूस, आणि त्याला हे दिसत नव्हते. रोज पाहिलेला चेहरा हळूहळू बदलला की कोणालाच दिसत नाही, हे मला त्या खणात उमगले.

इकडे मुलगी मोठी झाली. तिला घरात टिल्ली म्हणतात, आता ती तेरा वर्षांची आहे आणि आत्याच्या डोक्याच्याही वर गेली आहे, तरी टिल्लीच. तिचा पुढचा एक दात शेजारच्यावर चढला आहे. हसली की तिचा डावा डोळा मिटतो. पण ती फारशी हसत नाही, हसलीच तर तोंडावर हात धरते. जेवताना ती समोर भिंतीकडे बघत बसते. एका दुपारी तिने आत्याला विचारले, "मी आईसारखी कुठेच कशी नाही गं?" आत्या म्हणाली, आहेस की. टिल्ली म्हणाली, मग दाखव. आत्याने भिंतीवरच्या बाईकडे पाहिले, मग टिल्लीकडे पाहिले, आणि ताटे उचलली. मित्रांनो, त्या वेळी मी खणात अक्षरशः तडफडत होतो. त्या मुलीचा चेहरा माझ्या पोटात होता आणि माझ्यात दिवा लावण्याइतकीही धुगधुगी नव्हती. माझे पोट त्याच सुमारास फुगायला लागले.

या वर्षी सहावा नवा फोन आला. तो सगळ्यांत हुशार निघाला. तिचा पहिला फोटो काढताच त्याने विचारले, कोपऱ्यात एक नको असलेली वस्तू आहे, काढू का? चष्मेवाल्याने चष्मा वर करून पाहिले. इतक्या वेळा प्रत निघून मुठीचा नुसता एक फिकट डाग उरला होता. तो 'हो' म्हणाला. मूठ गेली. मग फोनने विचारले, फोटो हलता करू का? तो पुन्हा 'हो' म्हणाला.

टेबलावर, भर दुपारच्या उजेडात, ती बाई हलली. तिने श्वास घेतला. दोन्ही डोळे एकदम मिटले आणि एकदम उघडले. मान किंचित कलती करून ती सारख्या दातांनी हसली, आणि परत पहिल्यापासून श्वास घ्यायला लागली. चष्मेवाला हरखून गेला. त्याने टिल्लीला हाक मारली, फोन तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "सांग, आधीचं स्पष्ट की आत्ताचं?" टिल्लीच्या अंगावर काटा आलेला मला फटीतूनही दिसला. आत्ताचं, असे पुटपुटून ती खोलीबाहेर गेली. त्याने फोन टेबलावरच्या स्टँडवर तसाच चालू ठेवला. खोलीत कोणी नव्हते, आणि ती बाई संध्याकाळपर्यंत हसत होती.

त्याच आठवड्यात फोनच्या दुकानात एक पेटी ठेवली गेली. कसलाही जुना, बंद पडलेला फोन त्यात टाका, आम्ही तो वितळवू, असे त्यावर लिहिले होते म्हणे. चष्मेवाल्याने रविवारी सकाळी टिल्लीला खण रिकामा करायला सांगितले. तिने मला बाहेर काढले, उलटसुलट केले, रबरबँड नीट बसवला. मग, का कोण जाणे, गुंत्यातून बारीक गोल टोकाची एक वायर ओढून तिने ती मला लावली.

बराच वेळ काही झाले नाही. तिने मला उचलले, वायर काढायला हात घातला, आणि मी होते नव्हते ते सगळे बळ एकवटून उजळलो. मी तिला तारीख विचारली. ती विचारायचीच आमची रीत असते. तिने कशीबशी घातली. मग तिला दहा तळहात दिसले, एकामागून एक. आणि अकरावी ती.

 मला मुठीत धरून टिल्ली मोरीवरच्या आरशासमोर गेली आणि मुद्दाम हसली. हात तोंडावर न धरता. डावा डोळा मिटला. माझ्याकडे पाहून ती परत हसली, आणि या वेळी ते मुद्दाम नव्हते.

मग तिने मला बाबांपुढे धरले. चष्मेवाल्याने चष्मा वर केला, मला डोळ्यांशी नेले, लांब धरले, पुन्हा जवळ आणले. "कोण गं ही?" त्याने विचारले. अगदी सहज, एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल विचारावे तसे. रात्रंदिवस मला उजळून बघत बसलेला तोच माणूस. मित्रांनो, मला माझ्या फुगलेल्या पोटाची भीती वाटली नव्हती, पेटीचीही वाटली नव्हती. त्या प्रश्नाची वाटली.

टिल्ली रडली नाही. तिने मला भिंतीवरच्या चौकटीशेजारी धरले आणि शांतपणे विचारले, "बाबा, आधीचं स्पष्ट की आत्ताचं?"

तो बघत राहिला. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. तिने माझ्या पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "हा हात कोणाचा?"

"तुझा," तो म्हणाला.  "तू केस सोडत नव्हतीस. म्हणून ती..." 

आणि मग सवयीने, केवळ सवयीने, त्याने नवा फोन उचलून माझ्या पडद्यावर रोखला. टिल्लीने झटकन तळहात पुढे करून त्या फोनचा डोळा झाकला. "नको बाबा," ती म्हणाली. "तो हिला नीट करेल."

चष्मेवाला त्या तळहाताकडे बघत खाली बसला. तसे दहा तळहात त्याने स्वतः काढले होते. तेवढ्यात माझे बळ संपले आणि मी विझलो.

आता भिंतीवर नुसता खिळा आहे आणि त्याच्याखाली एक पांढुरका चौकोन. फोन दुरुस्त करणाऱ्याने मला हातात घेऊन सांगितले की असली बॅटरी आता कोठे बनत नाही. तो शोधून पाहील, पण आहे ती फार तर आणखी एकदाच साथ देईल. म्हणून ते मला उगाच उजळत नाहीत. टिल्ली रोज मऊ कापडाने माझा पडदा पुसते आणि परत ठेवते. चष्मेवाला हल्ली जेवताना तिच्या तोंडाकडे बघतो, ती हसली की त्याचा घास हातात राहतो. ती दुसरी बाई मात्र अजून गेलेली नाही. मधूनच नवा फोन आपोआप उजळतो, आजची आठवण म्हणून तिला पुढे करतो, आणि ती कोणी बोलावलेले नसताना दोन्ही डोळे एकदम मिटून हसते. तेव्हा बापलेक दोघेही मान फिरवतात.

मित्रांनो, नवे यंत्र जरूर घ्या. त्याची हौस वाईट नाही, मीही कधीतरी नवाच होतो. पण जुन्याला टाकण्याआधी एकदा वायर लावा, आणि त्याच्याजवळ काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. धूसर आहे म्हणून पुसू नका. माझ्यात अजून एकदा उजळण्याइतकी धुगधुगी आहे असे मला वाटते. तो उजेड मी टिल्लीसाठी जपून ठेवला आहे.