ड्रमखालचा केर

नाइटक्लबच्या आठवणी सांगायला या, असं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. सोळा वर्षं मी एका नाइटक्लबमध्ये कामाला होते, पण रात्रीचा क्लब मी एकदाही पाहिलेला नाही. माझी वेळ सकाळी सहा ते नऊ. मी तिथली झाडूवाली. लोक आज डोळे मिटून म्हणतात, काय ते दिवे, काय ती धुंदी! मला विचाराल तर सगळ्या ट्यूबलाइट लावल्यावर तिथली फरशी चपलेला चिकटायची, भिंतींना पोपडे होते, आणि तिथल्या संडासांबद्दल मी जेवणाआधी बोलत नाही.

दारावर लफ्फेदार अक्षरांत त्याचं काहीतरी भारदस्त नाव होतं, पण चपलांच्या दुकानाखाली होता म्हणून सगळे त्याला ‘तळघर’च म्हणायचे. त्या एका रस्त्यावर तेव्हा असे सात-आठ क्लब आणि पब होते. आता औषधालाही एक उरलेला नाही. ‘बावीस पायऱ्या’ होता तिथे दातांचा दवाखाना आहे. माझी कवळी तिथलीच. ‘लाल पडदा’ पाडून गाड्या लावायची जागा केली. आमच्या तळघरात दुकानवाल्याने चपलांची खोकी रचून ठेवली आहेत. कधी त्या रस्त्याने गेले की मीही जरा रेंगाळते. चिकट फरशीचीसुद्धा आठवण येते, आता काय करणार!

केर काढणाऱ्या बाईला रात्र सकाळी कळते. कुठे टाचांच्या खुणा दाट आहेत, कुठे काच फुटली आहे, कुठल्या कोपऱ्यात रडून चुरगाळलेले कागदी रुमाल पडलेत, यावरून कोण किती नाचलं आणि कुणाचं कुणाशी बिनसलं हे मला बरोबर समजायचं. आणि स्टेजवर, ड्रमच्या खाली, रोज लाकडाचे बारीक ढलपे असायचे. ड्रम वाजवणारा रंगात आला की वरच्या पितळी थाळ्यांच्या कडांवर आपटून त्याच्या काठ्या सोलवटतात. नखाएवढे, पांढुरके, कडेला तुसं निघालेले ढलपे चहूकडे उडतात. ते फळ्यांच्या फटींत अडकायचे आणि मला वाकून वाकून वेचावे लागायचे. मी तोंडाने करवादायचे, पण मनातून सुखावायचे. कारण ड्रम वाजवणारे म्हणजे आमचे हे, माझा नवरा.

ओळख झाली तीही तिथेच. हे क्लबमध्ये नवीन लागले होते, आणि एका सकाळी विसरलेली पिशवी न्यायला आले ते ओल्या फरशीवरून तरातरा चालत गेले. मी जी काही त्यांची खरडपट्टी काढली, ती ऐकून दुसरा कुणी परत तोंड दाखवता ना. हे दुसऱ्या दिवशी परत आले. काही विसरलेलं नव्हतं, पण बूट हातात होते.

लग्नानंतर आमचं वेळापत्रक असं की हे पहाटे चारला घरी यायचे आणि मी साडेपाचला बाहेर पडायचे. लेक लहान होती, तिच्याजवळ सदा कुणीतरी असायचं, म्हणून ते सोयीचंच होतं. पण त्यांना वाजवताना मी कधी पाहिलं नाही आणि मला झाडताना त्यांनी त्या बूटवाल्या दिवसानंतर पाहिलं नाही. मी पाहायचे तो त्यांनी केलेला कचरा. ढलपे जास्त असले की रात्र छान गेली असं समजायचं, आणि घरी जाऊन त्यांच्या चहात अर्धा चमचा साखर जास्त घालायची.

क्लब बंद पडला त्याआधीचे सहा महिने ते ढलपे जरा बदलले होते. उडालेले नसायचे, स्टुलाखाली एका जागी पडलेले असायचे. त्यांना तुसंही नसायची. मला वाटलं, हात मुरला, आता काठी नेमकी पडते. शिवाय केर काढणारीला सगळा कचरा एका जागी म्हणजे आणखी काय पाहिजे? त्याच दिवसांत त्यांच्या बोटांना भेगा पडायला लागल्या. दुपारी ते उठले की मी त्यांच्या बोटांना मलम चोळायचे आणि बहिणीपुढे शेखी मिरवायचे, “अगं, रक्त येईपर्यंत वाजवतात!”

आता तो फोन ज्या मेळाव्यासाठी आला होता, त्याचं सांगते. शहराच्या संग्रहालयाने बंद पडलेल्या क्लब-पबचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. त्यासाठी तिथल्या मुलीने जुन्या लोकांना रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये बोलावलं. मी तोंड उघडणार नव्हते. हे मात्र आठवडाभर आरशासमोर उभे. कुठला शर्ट, कुठला कोट, काय काय सांगू, किती सांगू. मी म्हटलं, “सगळंच सांगा, चहा आहे तोवर लोक बसतील.”

यांची एक गोष्ट ठरलेली आहे. तळघराच्या शेवटच्या रात्री, शेवटच्या गाण्यात ड्रमचं कातडं फाटलं, आणि यांनी राहिलेलं गाणं बसायच्या स्टुलाच्या लाकडावर वाजवून पुरं केलं. तीस वर्षांत ही गोष्ट आमच्याकडे इतक्या वेळा सांगून झाली आहे की नातवाने ती शाळेच्या निबंधात घातली. तळघर गेल्यावर यांना परत कुठे वाजवायला मिळालं नाही. एका गोदामात नोंदी ठेवायचं काम केलं, निवृत्त झाले. शहात्तराव्या वर्षी मिरवायला त्यांच्याजवळ ती एक रात्रच होती, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. कुणी बागेतल्या फुलांचं कौतुक करतं, हे त्या रात्रीचं करायचे.

हॉलमध्ये साठेक माणसं होती. यांनी गोष्ट रंगवून सांगितली, हातवारे करून सांगितली. कातडं फाटलं तिथे पुढच्या रांगेतल्या एका बाईने चक्क गालावर हात ठेवला. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात एक टक्कलवाला फोटोग्राफर उत्साहाने उठला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं हो, उलट आनंदच झाला होता त्याला.

“काका, त्या रात्रीचे फोटो आहेत माझ्याकडे! थांबा, तुम्ही सापडता का बघू या.”

पडद्यावर फोटो आला. गाणारी बाई, गिटारवाला, पुढे हात वर केलेली गर्दी. मागे ड्रम, आणि ड्रमवर पांढरी चादर. शेजारी उंच स्टँडवर बटणांची एक काळी पेटी. दुसरा फोटो आला, त्यातही चादर. तिसऱ्यात माणसं गळ्यात गळे घालून रडत होती, म्हणजे शेवटचंच गाणं असणार. चादर होतीच.

“अहो, तेव्हा ड्रम वाजवणारं मशीन आलं होतं ना सगळीकडे,” मागून कुणीतरी म्हणालं. आणि कुणीतरी हसलं.

हे हातात माइक धरून तसेच उभे. तोंड एवढंसं झालेलं. घरात माझा आवाज तीन मजले ऐकू जातो, पण चारचौघांत माझी दातखिळी बसते. तरी मी उठले. कशी उठले देव जाणे.

“मी तिथली झाडूवाली,” मी म्हटलं. “फोटो कधीचा ते मला कळत नाही. चादर मध्येच कुणी टाकली असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टेज मी झाडलंय. ड्रमखाली काठ्यांचे ढलपे होते. आदल्या दिवशी होते, त्याच्या आदल्या दिवशी होते, एक दिवस चुकला नाही. मशीनचे ढलपे पडतात का?”

सगळा हॉल हसला, आणि या वेळी माझ्या बाजूने हसला. टाळ्या झाल्या. फोटोग्राफरने दोन्ही हात जोडले. “मावशी म्हणतात तर तसंच. तारखेत माझीच गडबड झाली असेल.” मी लढाई जिंकल्यासारखी खाली बसले. पण यांनी माइक देऊन टाकला, माझ्या शेजारी येऊन बसले, आणि पुढचा तासभर माझ्याकडे बघितलंही नाही.

बस स्टॉपवर आम्ही दोघंच होतो.

“झालं काय तुम्हाला?” मी विचारलं. “तुमच्यासाठी एवढ्या लोकांत उभी राहिले मी. तुमच्या तोंडातून एक शब्द फुटेल तर शपथ!”

“तू खरं तेच बोललीस,” ते म्हणाले.

“मग?”

“ढलपे होते. मीच टाकायचो ते.”

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं, रस्त्याकडे बघत. सहा महिने आधी मालकाने ती पेटी आणली. ड्रम नुसता शोभेला ठेवला. यांना म्हणाला, जायचं तर जा. राहायचं असेल तर मागे ग्लास धुवायला माणूस पाहिजे. हे राहिले. रोज रात्री मागच्या खोलीत बेसिनशी उभं राहून ग्लास धुतले. निघायच्या आधी आपल्या जुन्या काठ्यांची एक जोडी काढायची, लिंबू कापायच्या सुरीने त्या तासायच्या, आणि मूठभर ढलपे नेऊन स्टुलाखाली टाकायचे.

“सकाळी तू येणार,” ते म्हणाले. “ढलपे दिसले नाहीत तर तुला कळलं असतं.”

“आणि शेवटच्या रात्री?”

“ग्लासच धूत होतो. पाणी चालू ठेवून रडलो. कातडं-बितडं काही फाटलं नाही.”

मला भरून आलं. हा माणूस पहाटे साडेतीनला, पाण्याने सुजलेल्या बोटांनी, माझ्यासाठी कचरा करत बसायचा! मी त्यांच्या हातावर हात ठेवणार होते. ठेवलाही असता. पण तेवढ्यात दुसरा विचार मनात आला आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“मला कळू द्यायचं नव्हतं, ते का?”

“लाज वाटायची गं.”

“कशाची?”

ते बस येते का बघू लागले.

“ग्लास धुण्याची? अहो, त्याच बेसिनखालची फरशी मी पुसत होते. तुम्ही यायच्या आधीपासून पुसत होते! तुम्हाला सहा महिने जे काम लपवून ठेवावंसं वाटलं, ते मी सोळा वर्षं उघड्या दारात केलं. मग माझ्याकडे बघून मनात काय म्हणत होता तुम्ही? माझ्या हातांना भेगा पडल्या तर ते काम, आणि तुमच्या हातांना पडल्या तर मी गावभर कौतुक सांगत फिरायचं!”

“तसं नाही गं...”

“मग कसं?”

बस आली. मी पुढे जाऊन बसले, ते मागे.

चार दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलली. लेकीचा फोन आला तर मी म्हणायचे, “बाबांना विचार,” आणि हे म्हणायचे, “आईला विचार.” खरं सांगायचं तर खोटं बोलल्याचा राग पहिल्या रात्रीच विरला होता. एवढी मेहनत घेऊन बायकोला फसवणारा नवरा कितीजणींना मिळतो? पण ते दुसरं मनातून जाईना. एवढ्या वर्षांत यांनी मला कधी वेडंवाकडं बोललेलं नाही, पगाराच्या दिवशी कधी माझं काम हलकं म्हटलेलं नाही. म्हणून तर जास्त लागलं. म्हणायची गरज नव्हती, आत होतंच ते.

गुरुवारी संग्रहालयातली ती मुलगी घरी आली. भिंतीवर लावायच्या याद्या तिने छापून आणल्या होत्या, एकेका क्लबची एकेक. तळघराच्या कागदावर दोन रकाने होते. एकावर ‘कलाकार’, दुसऱ्यावर ‘इतर’. इतरमध्ये दारवान होता, बारमन होता, कोट सांभाळणारी होती, आणि माझं नाव तिने रविवारनंतर पेनाने सगळ्यात वर लिहिलं होतं. मी चहा ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मी ठरवलंच होतं, या बाबतीत आपण आता चकार शब्द काढायचा नाही. रविवारी यांची बाजू घेऊन बोलून झालं होतं. आता यांचं यांनी बघावं.

“आजोबा, तुमच्या नावापुढे ‘शेवटच्या रात्रीपर्यंत ड्रम’ असं टाकते,” मुलगी म्हणाली. “चालेल ना?”

यांनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. मुलगी खूश, नातू खूश, आणि ती रात्र काचेच्या चौकटीत कायमची यांची झाली असती. मी खिडकीबाहेर बघत होते, पण कान मागेच होते.

“नाही,” ते म्हणाले. “तो फोटो बरोबर आहे. त्याच्या सहा महिने आधी मशीन आलं. तेव्हापासून मी मागे ग्लास धूत होतो.”

मुलगी गोंधळली. “पण आजी तर म्हणाल्या...”

“ती खरंच बोलली. लबाडी माझी होती.” त्यांनी घसा साफ केला. “कलाकारांतलं नाव खोडू नका हां! साडेदहा वर्षं वाजवलंय मी, आणि चांगलं वाजवलंय. पण तिकडेही घाला. ग्लास धुणारा.”

“दोन्हीकडे? कशाला आजोबा, इतरमध्ये कोण वाचतंय...”

“घाला.”

तिने पेन काढलं. इतरच्या रकान्यात माझ्या नावाच्या वर-खाली थोडी जागा होती. “इथे वर बसवते, म्हणजे लगेच दिसेल.”

“वर नको. हिच्या खाली लिहा,” ते म्हणाले. “या कामात ती माझ्याहून सीनियर आहे.”

मुलीने लिहिलं. मग त्यांनी तो कागद आपल्याकडे ओढला, चष्मा लावला, आणि आपलं नाव माझ्या नावाच्या बरोबर खाली आलंय ना, हे दोनदा बोट लावून पाहिलं.