मुठीसकट भाव

मी एक जुनं नेमबाजीचं पिस्तूल आहे. मित्रांनो, घाबरू नका. आयुष्यभर मी फक्त पुठ्ठ्याला भोकं पाडली. एकदा एक खार मध्ये आली होती, पण ती वाचली. नंतर तिला कधी झोप लागली नाही म्हणतात.

डोंगराकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंग पोलादाचं, मूठ अक्रोडाची. मला विकत घेतलं लुडगर वेसेलिंगने. लुडगर सुतार. करवतीने त्याची अनामिका अर्धी खाल्ली होती. नेमबाजाची मूठ बुटासारखी असते, ज्याची त्यालाच होते. म्हणून लुडगरने अख्खा हिवाळा माझी मूठ कानशीने घासली, बोट कमी पडत होतं तिथे लाकडाची पुट्टी भरली, पुन्हा घासली. वसंतापर्यंत आम्ही एकमेकांत असे बसलो, की तो कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो हे त्याच्या बायकोलाही सांगता येईना. सांगायचा प्रयत्न मात्र तिने बरेचदा केला.

ती वर्षं मोठी सुखाची. क्लबाच्या भिंतीवर आमच्या ढाली लागल्या, लुडगर अध्यक्ष झाला. मग त्याचा हात थरथरू लागला. आमच्या गोळ्या शेजारच्या पुठ्ठ्यावर जाऊ लागल्या. शेजारी गिस्बर्ट उभा राहायचा. त्या वर्षी गिस्बर्ट पहिला आला.

मुलीने लुडगरसाठी वृद्धाश्रमात खोली घेतली. तिथे कुत्रा ठेवलेला चालत होता, पिस्तूल नाही. मला विकायचं ठरलं. लुडगरला नऊशे युरो हवे होते. पैशांचं त्याला काही नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्यांना सांगायला एक आकडा हवा होता.

आमच्या क्लबात सभासदाच्या हत्याराचा भाव टेबलावर ठरतो. हत्यार बियरच्या पेल्यांमधून हातोहात फिरतं. जो खोट दाखवेल, त्याला मालकाच्या खर्चाने एक घोट कडक दारू. आणि भाव ठरेपर्यंत मालकाने तोंड उघडायचं नाही. हा नियम लुडगरनेच केलेला. तेव्हा विधवा आपापल्या नवऱ्यांची पिस्तुलं विकायला आणायच्या, आणि लुडगरला तहान फार लागायची.

"नळी गंजलीय," गिस्बर्ट म्हणाला.

नळी लख्ख होती. त्याच्या चष्म्यावर मोहरीचा डाग होता.

"गिस्बर्टचा पेला भरा," नवे अध्यक्ष टिलकाम्प म्हणाले. "आठशे."

"चाप ढिला."

"सातशे. भरा."

"आणि वास मारतंय."

"वास ही काय खोट झाली का रे?"

"मग बिचारी विधवा हिल्डेगार्ड नवऱ्याचं पिस्तूल घेऊन आली, तेव्हा वासाचे पैसे कोणी कापले होते? मी?"

सगळ्यांनी लुडगरकडे पाहिलं. लुडगरने टेबलाकडे पाहिलं.

"भरा," टिलकाम्प म्हणाले.

घेणारी होती मेश्टिल्ड, बेकरीवाल्याची थोरली. तिने मला हातात धरलं आणि किंचाळली. "आई गं! लुडगरकाका, ही मूठ आहे की उंदराचा सापळा? यात बोट घालायचं कुठे?"

"आधी अर्धं कापून ये पोरी," गिस्बर्ट म्हणाला. "करवत लुडगर देईल!"

टेबल गदागदा हललं. लुडगरही हसला, कारण नियमात हसायला मनाई नव्हती. मग त्याच्याच्याने राहवलं नाही.

"ती मूठ मी एक हिवाळाभर..."

"बोलला! बोलला! दंड! सगळ्यांना एकेक!"

"मूठ काढा, काका," मेश्टिल्ड म्हणाली. "नुसत्या लोखंडाचे दोनशे देते. नवी मूठच मला तीनशेला पडेल."

लुडगरने स्वतःच स्क्रू सोडवले. मित्रांनो, मी नेमका कुठे राहतो ते मला तेव्हा कळलं. लोखंड तिच्या पेटीत गेलं, आणि मी मुठीत, टेबलावरच होतो, सांडलेल्या बियरमध्ये. दारूचं बिल वजा जाऊन लुडगरच्या हातात साठ युरो आले. मी फुकट.

आता आम्ही वृद्धाश्रमात असतो. मी कोटाच्या खिशात. जेवणाच्या टेबलावर लुडगर सांगायचा, "माझं पिस्तूल नऊशेला गेलं." म्हातारे माना डोलवायचे. एक आजी तर रोज नव्याने थक्क व्हायची.

मग एका रविवारी गिस्बर्ट प्लमचा केक घेऊन आला.

"नऊशे?" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "अरे साठ! बाकीच्याची दारू झाली, आणि ती मीच जास्त प्यायलो!"

म्हातारे चमचे धरून बसून राहिले. लुडगरने खिशातून मला काढलं आणि हात समोर ताठ केला, गिस्बर्टच्या दोन भुवयांच्या मधोमध. मित्रांनो, तो हात हलला नाही. किलोभर लोखंड गेलं होतं आणि हात दगडासारखा स्थिर होता. इतकी वर्षं त्याला फक्त ओझं झालं होतं, आणि हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आज त्याचा नेम चुकला नसता. फक्त पुढे नळी नव्हती.

गिस्बर्टने केकचा घास शांतपणे गिळला, मागे वळला आणि नर्सला हाक मारली.

"सिस्टर, इथे खोट दाखवली तर प्यायला काही मिळतं का हो?"

तर मित्रांनो, आपल्या वस्तू जपा. पुसा, तेल द्या, कोरड्या जागी ठेवा. आणि कधी त्यांचा भाव करायची वेळ आलीच, तर आधी त्यांच्या माणसाला जरा बाहेर फिरायला पाठवा.