मागचा डावा पाय

इंजिन दाखवायला आलेला माणूस आधी रोग सांगतो, मग औषध सांगतो आणि शेवटी मला विचारतो. माझं टाळकं तिथंच फिरतं. नृसिंहवाडीच्या तानाबाई मात्र फोनवर एवढंच बोलल्या, "मिस्त्री, खटखटतंय. चार वाजता तहसीलची माणसं बोट बघाय येणार हायत." शिरोलीच्या वर्कशॉपला कुलूप लावून मी निघालो.

पावसाळ्याआधी पुराच्या बोटींची चाचणी होते. नवरा गेल्यापासून चार वर्षं ही बोट तानाबाईच चालवतात. गेल्या पुरात त्यांनी अख्खी गल्ली बाहेर काढली होती. तहसीलच्या यादीत चालक म्हणून नाव मात्र अजून नवऱ्याचंच. आता चाचणीत नापास झाली की बोट बाद, आणि पाणी चढल्यावर बाईंनी काठावरून बघत बसायचं.

"बेअरिंग गेलंय म्हणत्यात सगळी," बाई म्हणाल्या.

"सगळी मिस्त्री हायत काय?" मी खेकसलो. "चालू करा."

तीस वर्षांचं, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. खट्, खट्, खट्. खरं सांगतो, मलाही बेअरिंगच वाटलं. उघडायचं म्हणजे आठ दिवस गेले.

पण नुसत्या अंदाजानं इंजिन उघडणारा मी नव्हे. बंद करून थोडं तेल पांढऱ्या फडक्यावर घेतलं. काळं होतं, पण धातूची चमक नव्हती. परत चालू करून एकेका सिलिंडरचं डिझेल तोडलं. बेअरिंग गेलं असतं तर कुठं तरी खटखट मंदावली असती. ही ढिम्म.

"रिंगा झिजल्यात थोड्या," मी म्हणालो. "म्हातारं हाय, पण मरायला टेकलेलं न्हाय."

बाईंनी डोळ्याला पदर लावला.

मी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर, मूठ कानाला. वर आवाज बारीक, खाली यावं तसा मोठा. इंजिनाच्या मागच्या डाव्या पायाशी तर कानात हातोडाच बसला. नट पान्याला हलेना, पण पाय मात्र दर झटक्याला उचलून आपटत होता. नट घट्ट होता तो गंजून.

इंजिन बंद करून नट कापला, पहारीनं पाय उचलला. खाली लाल फडक्याची चपटी पुरचुंडी. आत कुजलेली सुपारी आणि एक रुपया.

"हे कुणाचं काम?" माझा आवाज चढला.

"माझंच," बाई पुटपुटल्या. "दसऱ्याला इंजिन उतरवलंतं. बसवताना ठेवलं. दाराची चौकट बसवताना ठेवतोय की आपण! मालकांच्या हातचं इंजिन, टिकावं म्हणून..."

सुपारी कुजून दबली होती आणि तेवढ्या फटीत इंजिन सात-आठ महिने नाचत होतं. तोंडावर आलेली शिवी मी गिळली. शिरोलीत माझ्या लेथच्या पायाखाली आईनं असंच काहीतरी ठेवलंय, आणि ते लेथ का थरथरतं हे मी सहा वर्षं शोधत होतो.

जागा खरवडली, पायाखाली पोलादी पत्रा घातला, नवा नट आवळला, इंजिन पंख्याच्या शाफ्टशी एका रेघेत आणलं. इंजिन चालू करून स्क्रू-ड्रायव्हर बाईंच्या हातात दिला. "ऐका."

त्यांनी मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"न्हाय की वो!"

"काय न्हाय?"

"खटखट!" त्या हसत होत्या आणि डोळे वाहत होते. मलाही फार बरं वाटलं, पण मी पाने गोळा करत राहिलो.

चार वाजता साहेब आले. बाईंनी रुपया पदराच्या गाठीला बांधला, बोट पलीकडच्या काठाला नेली आणि वळवून आणली. आवाज शेवटपर्यंत एकसारखा होता. साहेबांनी यादी उघडून बोटीपुढं पासची खूण केली.

"चालकाचं नाव तेच ठेवू?"

बाईंनी इंजिन बंद केलं. मग घाटभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "न्हाय साहेब. आता माझं लिवा."