यायच्या आधी हे पाहा

आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर एकच फोटो होता आणि त्यात दुकान बंद होतं. बाबांनी तो मुद्दामच तसा काढला होता. दुकानाचं नाव शटरवर रंगवलेलं, शटर वर गेलं की नावही गुंडाळलं जायचं. "मग नाव कसं दिसणार?" हे बाबांचं म्हणणं. नाव झकास दिसत होतं, खालचं कुलूपही दिसत होतं. तीन वर्षं लोक ते कुलूप बघून परत जात होते आणि आम्ही म्हणत होतो, हल्ली कुणी घरी शिवत नाही वाटतं.

बाबा शिलाई मशिनं दुरुस्त करतात. दिवसाला एखादं गिऱ्हाईक यायचं आणि बहुतेक वेळा त्याच्या मशीनची सुई फक्त उलटी बसलेली असायची. बाबा ती सुलटी करून द्यायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. "यात मी काय केलं?" असं वर विचारायचे. माझा मोठा भाऊ या प्रश्नाला कंटाळला. दादाने सरळ सांगून टाकलं, महिनाअखेरीला टेबलावर पाच मशिनं दिसली नाहीत तर दुकानाची किल्ली जागामालकाला परत, आणि बाबा त्याच्याकडे राहायला. तिथे टीव्हीसमोर त्यांच्यासाठी आरामखुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. बाबांनी हातातला स्क्रूड्रायव्हर दोनदा पुसला. मला भयंकर राग आला. दादाचा कमी, त्या खुर्चीचा जास्त.

मी ऑफिसात रजा टाकली आणि वेबसाइट घेऊन बसले. शटर वर करून फोटो काढला. बाबा कॅमेऱ्याकडे बघायला तयार नव्हते, म्हणून टेबल आणि त्यांचे हात तेवढे घेतले. वेळ, नकाशा, चालू असलेला फोन नंबर घातला. मग बाबांना म्हटलं, गिऱ्हाइकांसाठी चार ओळी लिहून द्या. त्यांनी अख्खी दुपार घेतली आणि सुयांच्या खोक्याचं झाकण माझ्या हातात ठेवलं. मागे लिहिलं होतं:

"यायच्या आधी हे पाहा. सुई उलटी आहे का? सुलटी करा. बॉबिनखाली धूळ आहे का? जुन्या टूथब्रशने काढा. स्वयंपाकाचं तेल घातलंय का? पुसा, परत घालू नका. एवढ्यावर दहातली आठ मशिनं चालतात. तुमचं चाललं तर येऊ नका."

मी डोक्याला हात लावला. "बाबा, आपण गिऱ्हाइकं बोलावतोय की हाकलतोय?"

"खोटं आहे का त्यात काही?"

"नाही ना, तेच तर."

"मग घाल."

"निदान शेवट तरी बदला."

त्यांनी झाकण परत घेतलं, बराच वेळ विचार केला आणि खाली एक ओळ वाढवली. "उरलेल्या दोघांनी या. मी आहे."

हे वाचल्यावर मला पुढे भांडता येईना. सगळं तसंच्या तसं घातलं, पण धुसफुसत घातलं.

पहिल्या आठवड्यात फोन खणखणू लागले. सगळे आभाराचे. "चाललं हो काका, सुईच उलटी होती." बाबा प्रत्येक फोननंतर मला निकाल सांगायचे, "अजून एक चाललं." अकरा चालली. टेबल चकाचक. माझी चिडचिड अशी की घरात कुणी चहासुद्धा विचारेना.

तिसऱ्या आठवड्यात एक शिंपीणबाई मशीन कवेत घेऊन आल्या. "यादीतलं सगळं केलं, तरी टाका सुटतोय. माझ्या बहिणीचं मशीन तुमच्या यादीवर घरच्या घरी चाललं. म्हटलं, जो माणूस येऊ नका म्हणतो, त्याच्याकडेच जावं."

बाबांनी चाक फिरवलं, कान लावला. "हे खरंच बिघडलंय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बाई दोन पावलं मागे सरकल्या.

त्यांच्या ओळखीने दुसरं आलं, मग तिसरं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी टेबलावर चार मशिनं होती. संध्याकाळी दादा येणार होता. मी गुपचूप आमचं घरचं मशीन आणून पाचवं म्हणून ठेवलं. बाबांनी ते उचलून खाली ठेवलं.

"ते चालतंय," ते म्हणाले.

मी हात टेकले. माणसाने किती खरं वागावं, याला काही सुमार?

सहा वाजता दादा आला. त्याला शटरमागचं काचेचं दार कोपराने ढकलावं लागलं, कारण दोन्ही हातांत वहिनीचं मशीन होतं.

"यादीतलं सगळं केलं," तो म्हणाला. "दोनदा केलं."

"सुई?"

"सुलटी आहे."

"तेल?"

दादा जमिनीकडे बघू लागला. "स्वयंपाकाचं. पण ते यादी वाचायच्या आधी."

बाबा हसले नाहीत. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी टेबलाच्या टोकाकडे बोट दाखवलं. "त्या चौघांच्या मागे ठेव. नंबराने होईल."

दादाने मशीन ठेवलं. टेबल एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मीही मनातल्या मनात मोजली.

"कधी मिळेल?" त्याने विचारलं.

"पुढच्या महिन्यात," बाबा म्हणाले.