हफिजाच्या नावाची दुआ

आमची झरीन शिकायला इंग्लंडात गेली आणि तिथं दगड बघत बसली. दगड म्हणजे क्रॉस, अँग्लो-सॅक्सन लोकांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी माळावर उभे केलेले. मी म्हटलं, बाय, त्यासाठी एवढं लांब जायचं होतं काय? आपल्या रत्नागिरीत जांभा काय कमी आहे? तिची अम्मी हफिजा मात्र कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या खोलीत फोन कानाला लावून सगळं ऐकायची. कुठला क्रॉस हद्द दाखवतो, कुठल्या क्रॉसजवळ चर्च नव्हतं तेव्हा लोक इबादतीला जमायचे, ते मला जेवताना ऐकवायची.

रमजानच्या आधी हफिजा गेली. छातीत कळ आली आणि संपलं. माती त्याच दिवशी झाली. झरीनला तिकीट मिळेपर्यंत तिची अम्मी सुलैबिखातच्या कब्रस्तानात होती.

आता माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपला. या वयात दुकानाचा मालक तो वाढवून देत नाही. शुक्रवारचं विमान, परत येणं कसलं! मी गेल्यावर हफिजाच्या कबरीशी फातिहा पढायला इथं आपलं चिटपाखरू नाही. त्या एका गोष्टीनं माझा जीव जळत होता.

झरीनला फोनवर तसं बोललो. ती म्हणाली,

"अब्बा, काही क्रॉसवर मेलेल्याचं नाव कोरलंय, आणि याच्या रूहसाठी दुआ मागा असं लिहिलंय. ते घरच्यांना नाही, वाटेनं जाणाऱ्याला सांगितलंय."

मी चिडलो. म्हटलं, आपल्यात असलं कोरत नाहीत, आणि उभ्या जन्मात मी कुणापुढं हात पसरला नाही. फोन ठेवून दिला.

गुरुवारी शेवटचा कबरीवर गेलो. लहानसा दगड, त्यावर नाव आणि तारीख. शेजारच्या कबरीवर एक म्हातारा कुवेती कॅननं पाणी घालत होता. तिथं त्याचा मुलगा होता. दर आठवड्याला येतो म्हणाला. माझी फातिहा पढून झाली तरी पाय निघेनात. म्हातारा जायला वळला, तशी मी त्याची बाही धरली आणि दुकानात शिकलेल्या मोडक्या अरबीत बोललो.

"ही माझी बायको. हफिजा. मी उद्या कायमचा चाललोय. तुम्ही याल तेव्हा हिच्यासाठीही मागा."

म्हाताऱ्यानं कॅन खाली ठेवला. हात उचलून मुलाचं नाव घेतलं, पाठोपाठ हफिजाचं. उरलेलं पाणी तिच्या मातीवर ओतलं.

टॅक्सीत बसून झरीनला फोन लावला. मागितलं गं, एवढंच बोलता आलं. पुढं रडूच फुटलं.