मी नुसतं 'घरी बसा' म्हणालो

"दगड खाली टाका बनुबाई! भोंग्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"गावातल्या बायास्नी चार दिस सांगून सांगून घरात बसवलं ह्यानं! आज ह्येचं तोंडच फोडती, मधुकरआण्णा. तुमी बाजूला व्हा."

मित्रांनो, ज्येचं तोंड फोडायचं व्हतं ना, त्यो मीच. मी एक जुना भोंगा हाय. मधुकरआण्णाच्या रिक्षाच्या टपावर चार नटांनी आवळलेला. दगड येताना दिसतोय, पर सरकता येत न्हाई. वरडावं म्हटलं तर खालनं कुणीतरी माईक हातात घ्यावा लागतोय. लय चीड येती. पर चिडायला बी आवाज दुसऱ्याचाच पायजे.

सांगलीत एका पत्र्याच्या शेडमधी मला ठोकून गोल केलं, मागं आवाजाचं युनिट बसवलं, पांढरा रंग मारला. आण्णानं मला नवाकोरा आणला, रहिमतपूरच्या अलीकडं आमच्या गावात. तवा काय रुबाब व्हता माझा! पोलिओचा डोस, जनावरांचा डॉक्टर, जत्रंतल्या कुस्त्या, कुणाची मयत, समदं गावाला मीच सांगायचो. मयतीचं सांगताना आण्णा आवाज खाली आणायचा, बाया हातातलं धुणं तसंच धरून ऐकायच्या. लोकं म्हणायची, "काय आवाज हाय गड्या, पार मळ्यापातूर येतोय!"

मग घराघरात मोबाईल आलं. माज्या तोंडात गांधीलमाश्यांनी पोळं केलं, तरी कुणी फडकं मारलं न्हाई. फकस्त निवडणूक आली की माझी आंघोळ.

निवडणुकीत काय बोलायचो सांगू? गावात एक दिसाआड पाणी यायचं. सकाळी एका पार्टीचं लावायचं, "आठवड्यातनं चार दिस नळाला पाणी, हे आमचं काम!" दुपारी दुसऱ्या पार्टीचं, "आठवड्यातनं तीन दिस नळ कोरडा, हे त्यांचं पाप!" नळ त्योच, पाणी तेवढंच. सकाळी लोकं माना डोलवायची आन दुपारी तीच लोकं शिव्या घालायची. खोटं दोघं बी बोलत नव्हती. मला वाटायचं, मला काय त्येचं, आपुन पत्रा.

तर आता बनुबाईचं ऐका.

बनुबाईचा पोरगा सूरज साखर कारखान्यात कामाला. दोन वर्सं लय पीत व्हता. तीन महिनं झालं, सोडलीया. पर कारखान्यावरनं घरी यायचा रस्ता एकच, आन त्या रस्त्यावर देशी दारूचं दुकान. बनुबाई म्हणायची, "पोरगं रोज त्या दारावरनं येतंय. एक दिस पाय वळला की माझं समदं गेलं."

म्हणून ती उठली. दारोदार फिरून बायांच्या सह्या घेतल्या. मग सरकारी साहेब लोकं आली, सह्या तपासल्या आन रविवारी मतदान ठरलं. फकस्त बायांचं. कागदावर दोन चित्रं. आडवी बाटली म्हंजी दुकान बंद, उभी बाटली म्हंजी दुकान चालू. आन नियम असा, की यादीत जेवढ्या बाया हायत त्यांच्यातल्या निम्म्याच्या वर बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. म्हंजी जी बाई घरात बसली ती आपसूक उभ्या बाटलीकडं. ह्ये बऱ्याच जणींच्या ध्यानातच आलं न्हाई. माज्या बी न्हाई.

बनुबाईनं माईक घेतला. बाई रागाची, घसा खणखणीत. म्हणाली, "दारुड्यांच्या बायकांनो, भाईर पडा! जिचा नवरा पितोय, जिचं पोरगं पितंय, तिनं तिनं रविवारी शाळेत यावं!"

आण्णानं ते मोबाईलमधी भरून घेतलं आन रोज सकाळी लावलं. मला लय आवडलं. काय दम व्हता त्यात!

दुसऱ्या दिशी दुकानदाराचा भाचा जयराज आला. पुण्यात जाहिरातीचं काम करतोय. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम हळू. म्हणाला, "आण्णा, आमचं काय प्रचाराचं नाही. शांततेचं आवाहन आहे फक्त." पेनड्राईव्ह दिला. त्यात मागं सनई आन एका बाईचा गोड आवाज, "माता-भगिनींनो, ज्यांच्या घरात सगळं सुखात आहे, त्यांनी या वादात का पडायचं? रविवारी आपल्या घरी राहा. आपल्या घराचा मान राखा. गावात शांतता ठेवा."

दारूचं नाव न्हाई. दुकानाचं न्हाई. बाटलीचं बी न्हाई. आण्णा खूश झाला. म्हणाला, "शांततेचं तर हाय. ह्यात काय वंगाळ?" मला बी तसंच वाटलं. चार दिस सकाळी बनुबाई आन सांजच्याला सनई.

पर मित्रांनो, टपावरनं मला घरातलं दिसतं. तिसऱ्या दिशी गावातल्याच अंबूबाईच्या दारात रिक्षा उभी व्हती. तिची जाऊ तिला म्हणत व्हती, "जायाचं न्हवं रविवारी?"

अंबूबाई हळूच म्हणाली, "लाईनीत उभं ऱ्हायलं की गाव म्हणंल, हिच्या बी घरात पित्यात."

"पित्यात की!"

"ते घरात गं. गावाला कशाला दावायचं?"

मला तवाच कळाय पायजे व्हतं. सकाळी मीच सांगितलं की येईल ती दारुड्याची बायको. सांजच्याला मीच सांगितलं की घरी बसंल ती मानाची. मग कोण येतंय? पर मी चौथ्या दिशी बी तेच वरडलो. नटात आवळलेला पत्रा दुसरं काय करणार?

रविवारी अंबूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेच्या फाटकापातूर आली. लाईन बघितली. पदर डोक्यावरनं म्होरं वढला आन माघारी गेली. मी समोरच उभा व्हतो.

सांजच्याला मोजणी झाली. यादीत बाया अकराशे चौऱ्याऐंशी. आडवी बाटली पाचशे एकाहत्तर. उभी बाटली एक्केचाळीस. पायजे व्हत्या पाचशे त्र्याण्णव. बावीस बाया कमी पडल्या आन एक्केचाळीस मतांवर दुकान ऱ्हायलं! वर साहेबानं सांगितलं, आता वरीसभर पुन्यांदा मतदान न्हाई.

म्हणून आज सोमवारी बनुबाई दगड घिऊन दुकानाजवळच्या चौकात आमच्याम्होरं आली.

आण्णा म्हणाला, "मी तुमचं बी लावलं, त्यांचं बी लावलं. मी कुणाच्याच बाजूचा न्हाई."

"घरी बसा म्हणणं म्हंजी कुणाच्या बाजूचं, आण्णा? नियम ठावं न्हवता व्हय तुमास्नी?"

आण्णाचं तोंड उतरलं. पर त्यो बी गप बसणारा न्हाई. "आन तुमी काय म्हणाला? दारुड्यांच्या बायकांनो या! अवं, आपल्या घरातली आग गावाला दावायला कुठली बाई लाईनीत येती? अंबूबाई फाटकातनं माघारी गेली. तिला जयराजनं एकट्यानं घालवलं व्हय?"

 बनुबाईच्या हातात दगड तसाच व्हता, पर हात खाली आला. म्हणाली, "मग काय म्हणाय पायजे व्हतं मी?"

आण्णा हातातल्या माईकची वायर गुंडाळाय लागला.

तेवढ्यात कारखान्याची पाळी सुटली. रस्त्यानं सायकली याय लागल्या. त्यात सूरज. दुकानाम्होरं आला आन सायकलीवरनं उतरला. आतनं कुणीतरी हाळी दिली, "ये की रं सूरज! दुकान ऱ्हायलं आपलं, आज तर बसाय पायजे!" सूरज हसला. सायकल भिंतीला टेकवली.

बनुबाईनं दगड टाकला आन माईक वढून घेतला. मला वाटलं, आता ही वरडणार, दारुड्या, मुडद्या, आईचा जीव घेतोस व्हय! समद्या गावाम्होरं. आन पोरगं इरेला पेटून आत जाणार. तिनं तोंड उघडलं, मिटलं. मग बोलली, एकदम घरात बोलावं तसं.

"सूरज, च्या उकळाय लागलाय बाबा. घरात दूध न्हाई. डेरीतनं अर्धा लिटर घिऊन ये बिगीबिगी."

चौकातली माणसं हसाय लागली. सूरज लाजला. सायकल काढली आन आमच्याजवळ आला. "काय गं आये, अर्ध्या लिटरसाठी भोंगा लावतीस व्हय? गावात इज्जत ठेव की जरा."

"ठेवली रं, ठेवली. जा, डेरी बंद हुईल."

त्यो गेला. बनुबाई रिक्षाला टेकून उभी ऱ्हायली.  आजचा दिस निघाला. उद्या पाळी सुटायच्या टायमाला पुन्यांदा काय म्हणायचं, ते ती आत्तापास्नं पुटपुटाय लागलीया.

मित्रांनो, एवढ्या वर्सांत माज्या तोंडातनं गेलेलं सगळ्यात बेस बोलणं ते अर्धा लिटर दूध. माझं एवढंच ऐका. कुणी गोड आवाजात काय सांगितलं, की त्यात कशाचं नाव घेतलं न्हाई ते इचारा. आन तुमी सोता खरं बोलणार असला, तर ऐकणाऱ्याला दारातनं भाईर येताना लाज वाटणार न्हाई, असं बोला. तुमास्नी तोंड हाय, मान हाय, न्हाई म्हणता येतंय. मला न्हाई.

आण्णाचा मोबाईल वाजला. जयराज हाय. पाटणकडं एका गावात येत्या रविवारी असंच मतदान हाय, त्येला शांततेचं आवाहन पायजे. आण्णा बनुबाईकडं बघतोय, मोबाईलकडं बघतोय. "बघतो," म्हणाला. न्हाई म्हणाला न्हाई. सनईचा पेनड्राईव्ह खोचला त्येनं. रिक्षा चालू झाली. मला आता जाय पायजे.