चुंबळ

"वजन उचलणं पोरीचं काम न्हाई," शहादेवकाका म्हणाले. ऊसतोडीला गेलतो तवा माझ्या डोक्यावर उसाची मोळी रोज हेच चढवायचे, त्याचं काय?

मी माजलगावच्या वजन उचलायच्या स्पर्धेला गेलेच. मला परत न्यायला काकाही मागोमाग आले. लोखंडी दांड्यापुढं उभी राहिले आन् सवयीनं टॉवेलाची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली. सगळे फिदीफिदी हसले. काका सगळ्यात मोठ्यानं.

लई राग आला. चुंबळ फेकली, दांडा धरला आन् साठ किलो डोक्याच्याही वर नेऊन उभी राहिले. हसणं थांबलं. पहिला नंबर माझा.

गळ्यात पदक पडल्यावर चुंबळ उचलून काकांच्या हातात दिली.

"ठेवा. औंदा मोळी तुमच्या डोक्यावर."